केबल बदलून नेमकं काय बदलतं? स्पीकर वायर, इंटरकनेक्ट आणि अर्थिंगचे प्रयोग

मंद्रसप्तक:
घरच्या ऑडिओ सिस्टिममध्ये वायरिंगचे प्रयोग करायचे तर कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये, यावर एकाच जागी नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतोय. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक मांडणी धरून चालू: ४ ओहमचे स्पीकर, ॲम्पपासून प्रत्येकी ५ मीटर वायर, मूव्हिंग मॅग्नेट काडतुसाचा (काडतूस म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) टर्नटेबल, लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र) आणि ८ मीटर लांब ठेवलेला सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर). सध्या स्पीकरला ०.७५ चौरस मिमीची वायर आहे आणि सबवूफर जोडला की हमिंग (सततचा खालचा गुणगुणाट) येतं. यात पहिला बदल कुठला करावा? आणि तो बदल खरंच झाला हे कसं ओळखावं?

ओहमपंच्याहत्तर:
हमिंगवर इतर लोक लिहितीलच. मी स्पीकर वायरचं गणित मांडतो, कारण ते कागदावर करता येतं आणि बरेच प्रयोग तिथेच निकालात निघतात.

तांब्याच्या १ चौरस मिमी वायरचा रोध मीटरला साधारण १७.२ मिलिओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. ५ मीटरच्या वायरीत तांबं १० मीटर. त्या हिशोबाने ०.७५ ची वायर ०.२३ ओहम देते, १.५ ची ०.११५, २.५ ची ०.०६९ आणि ४ ची ०.०४३.

आता स्पीकर. ४ ओहम हा नुसता छापील आकडा आहे. प्रत्यक्षात इंपीडन्स (एसी सिग्नलला होणारा एकूण अडथळा) फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो, कुठे ३.२ पर्यंत उतरतो तर बासच्या रेझोनन्सला (पडदा स्वभावतःच जास्त थरथरतो त्या फ्रिक्वेन्सीला) ३० ओहमपर्यंत चढतो. ०.२३ ओहमची वायर ३.२ ओहमच्या खड्ड्यात ०.६ डेसिबल खाते, ३० ओहमच्या शिखरावर जेमतेम ०.०७. म्हणजे आवाज सरसकट कमी होत नाही, स्पीकरच्या इंपीडन्सचा आकार अर्ध्या डेसिबलने आवाजावर छापला जातो. हा फरक बारकाईने ऐकणाऱ्याला कळू शकतो. २.५ ची वायर टाकली की तोच फरक ०.१७ वर येतो आणि ४ ची टाकली तर ०.१ वर. इथून पुढे आणखी जाड वायर घेऊन हाती काही लागत नाही.

तेव्हा पहिला बदल हाच करा. ०.७५ काढा, २.५ टाका.

इंडक्टन्सचीही (करंटच्या बदलाला वायर करते त्या विरोधाची) भीती घातली जाते. साध्या समांतर जोडवायरीचा इंडक्टन्स मीटरला ०.६ ते ०.७ मायक्रोहेन्री असतो. ५ मीटरला धरा ३.३. वीस किलोहर्ट्झला त्याचा रिॲक्टन्स (त्या विरोधाचा ओहममधला आकडा) ०.४ ओहम होतो, पण तो रोधाशी काटकोनात मिळतो, त्यामुळे ६ ओहमच्या ट्वीटरवर (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर) परिणाम ०.०२ डेसिबलचा. सोडून द्या. स्किन इफेक्टचंही (वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पृष्ठभागाजवळ गोळा होण्याचं) तेच. २० किलोहर्ट्झला तांब्यात करंट साधारण ०.४७ मिमी खोलीपर्यंत जातो, आणि २.५ च्या वायरीची त्रिज्याच ०.९ मिमी आहे, त्यामुळे रोध थोडाच वाढतो.

कोमलगंधार:
आणि शुद्धतेचं काय? चार नाइन, सहा नाइन (९९.९९, ९९.९९९९ टक्के शुद्ध तांबं) वगैरे लिहिलेलं असतं.

ओहमपंच्याहत्तर:
तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला ०.३९ टक्के वाढतो. खोली ५ अंशांनी तापली की २ टक्के फरक पडला. साध्या विद्युत दर्जाच्या तांब्यात आणि ऑक्सिजनमुक्त तांब्यात वाहकतेचा फरक जेमतेम १ टक्क्याचा असतो. चांदीसुद्धा तांब्यापेक्षा ५-६ टक्केच सरस आहे. तेवढा फायदा वायर ६ टक्के जाड घेऊन मिळतो.

खरी फसगत वेगळ्या ठिकाणी होते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरीवरही २.५ च लिहिलेलं असतं, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त भरतो. ओळखायची कशी? एक तार काढून पात्याने खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. वरून पांढरी आणि आत तांबूस असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची तार, तिला काही वाईट नाही. वजनावरूनही कळतं. तांब्याची २.५ ची एक कोर, इन्सुलेशन सोलून, मीटरला २२ ग्रॅम भरते. मुलाम्याची ९ च्या आसपास.

जाडीही मोजून घ्यावी, कारण जाड प्लास्टिकमध्ये बारीक तार खपवली जाते. तारा मोजा आणि एका तारेचा व्यास कॅलिपरने घ्या. ०.२५ मिमीच्या ५० तारा म्हणजे २.४५ चौरस मिमी, ठीक आहे. त्याच व्यासाच्या ३० तारा निघाल्या तर ती दीडची वायर झाली, वर काहीही छापलेलं असो.

सूरपारखी:
गणित मान्य. पण केबल बदलल्यावर फरक ऐकू येतो हा अनुभव इतक्या लोकांचा आहे की तो झटकून टाकणं मला पटत नाही. आणि हा फरक बासमध्ये नाही, मंचाच्या खोलीत (वाद्यं पुढे-मागे मांडल्याच्या भासात), वाद्यांमधल्या मोकळ्या जागेत जाणवतो. हे डेसिबलमध्ये कुठे बसतं?

लग_आणि_प्लग:
सूरपारखी, फरक ऐकू येतो हे खोटं नाही. तो कशामुळे आला एवढंच शोधायचंय. केबल बदलताना आपण एकाच वेळी तीन-चार गोष्टी बदलतो. जुना प्लग उपसून नवा खुपसला की सॉकेटवरचा काळपट थर घासला जातो. सैल बसलेला आरसीए प्लग (मधे पिन, भोवती कडी) घट्ट बसतो. स्क्रू नव्याने आवळला जातो. स्पीकर जागचा दोन बोटं सरकतो. यातलं काहीही आवाज बदलू शकतं, आणि श्रेय नव्या वायरीला जातं.

म्हणून माझा पहिला प्रयोग केबलचा नसतोच. ॲम्प बंद करायचा, सगळे जुनेच प्लग काढायचे, कॉन्टॅक्ट क्लीनर लावून पुसायचे, तेच प्लग परत बसवायचे आणि ऐकायचं. यानंतर जो आवाज येतो तो तुलनेचा पाया धरा.

ॲम्प बंद करायचा हे दोनदा सांगतोय. आरसीएची रचनाच अशी आहे की मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर. चालू ॲम्पमध्ये प्लग घातला तर त्या क्षणभरात अर्थ नसलेला इनपुट पूर्ण ताकदीने गुरगुरतो आणि ट्वीटर जाऊ शकतो.

टोकांचं काम: सोलताना १० ते १२ मिमीच सोला, एकही तार तुटू देऊ नका. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर भरू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि काही महिन्यांनी आवळलेला स्क्रू सैल सापडतो. त्याऐवजी मापाचा फेरूल (तारांवर बसणारी धातूची नळी) दाबून क्रिंप करा आणि मग बनाना प्लगमध्ये घाला. आरसीएला मात्र डाग द्यावाच लागतो. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, आधी पिन तापवायची, मग सोल्डर लावायचं, तीन सेकंदांत बाजूला. जास्त वेळ धरलं तर आतलं प्लास्टिक वितळून पिन कलते आणि वाकडी पिन सॉकेट सैल करते. डाग चकचकीत बसला आणि तारेला चिकटून उतरलेला दिसला की झालं. गोळा होऊन बसला असेल तर परत तापवा. शेवटी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून केबल प्लगपाशी वाकवत पाहा. बीप तुटला तर डाग कच्चा आहे.

ओहमपंच्याहत्तर:
सूरपारखींच्या प्रश्नाला धरून: मंचाची खोली बदलली की नाही हे तपासायची रीत आहे, आणि ती घरी करता येते. १०० हर्ट्झचा साइन टोन लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. दोन केबलांमध्ये ०.१ डेसिबलपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे २ व्होल्टला १.९७७ ते २.०२३ च्या आत. हे केलं नाही तर किंचित मोठा आवाज ‘जास्त मोकळा’ वाटतो आणि प्रयोग तिथेच वाया जातो. मग दुसऱ्या माणसाने नाणं उडवून केबल लावायची, ऐकणाऱ्याला न दाखवता. १६ फेऱ्यांत १२ किंवा जास्त बरोबर आले तर नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. १० मध्ये ७ म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही, ते नुसत्या अंदाजानेही १७ टक्के वेळा येतं.

सूरपारखी:
हे करायला माझी ना नाही. फक्त फेऱ्या एका बैठकीत उरकू नयेत, कान थकतात. चार-चारच्या चार बैठका, ओळखीच्या ध्वनिमुद्रणाचा २० सेकंदांचा एकच तुकडा, असं असेल तर निकाल मी मान्य करीन.

ओहमपंच्याहत्तर:
एकदम रास्त. एकूण फेऱ्या किती, हे मात्र आधी ठरवून टाका. निकाल पाहून वाढवायच्या नाहीत.

खर्जातला:
टर्नटेबलकडे कोणी वळलं नाही अजून. केबल बदलल्याने आवाज नक्की, मोजता येण्याजोगा बदलतो अशी घरातली एक जागा असेल तर ती हीच.

मूव्हिंग मॅग्नेट काडतुसात बारीक तारेची मोठी कॉइल असते, इंडक्टन्स ५०० मिलिहेन्रीच्या घरात. ती कॉइल आणि केबलचा कपॅसिटन्स (पिन आणि कडीच्या तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता) मिळून एक रेझोनन्स तयार होतो. फोनो इनपुटचे (ॲम्पमधल्या टर्नटेबलसाठीच्या इनपुटचे) १०० पिकोफॅरड, आर्मच्या आतल्या तारेचे २०, आणि मीटरला ६० ची १.२ मीटर केबल म्हणजे ७२. एकूण १९०. रेझोनन्स १६ किलोहर्ट्झच्या वर. आता मीटरला २०० पिकोफॅरडची केबल लावा: एकूण ३६०, रेझोनन्स १२ किलोहर्ट्झच्या खाली. झांज, तंबोऱ्याची जवारी, स वरचा श्वास, सगळं आधी टोचतं आणि त्याच्यावरचं गायब होतं. लोक काडतुसाला दोष देतात.

म्हणून काडतुसाच्या कागदावर शिफारस केलेला लोड (एकूण कपॅसिटन्स) बघा. बऱ्याच काडतुसांना १०० ते २०० पिकोफॅरड लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. केबल दोन्ही टोकांनी मोकळी करून कपॅसिटन्सच्या रेंजवर मल्टिमीटरने मधली पिन ते कडी मोजा, मीटरच्या वायरींचा आकडा वजा करा. काडतूस जोडलेलं असताना ओहमच्या रेंजवर मीटर लावू नका, मीटरचा करंट त्या नाजूक कॉइलला सोसेलच असं नाही.

मूव्हिंग कॉइल काडतुसाला (यात मॅग्नेटऐवजी कॉइल हलते) हे लागू नाही, तिथे कपॅसिटन्स बिनमहत्त्वाचा. तिथे सिग्नल इतका लहान असतो की शील्ड (तारेभोवतीचं धातूचं आवरण) चांगली आणि केबल ट्रान्सफॉर्मरपासून लांब असणं महत्त्वाचं. आणि टर्नटेबलची वेगळी हिरवी किंवा काळी अर्थ वायर फोनोच्या स्क्रूला जोडायला विसरू नका.

कोमलगंधार:
मग डॅक ते ॲम्पच्या केबललाही हेच लागू होतं का?

खर्जातला:
नाही, कारण डॅकचा आउटपुट इंपीडन्स कमी असतो. ६०० ओहम आणि ५०० पिकोफॅरड धरले तरी वरची कड ५०० किलोहर्ट्झच्या पुढे जाते. अपवाद एकच, मध्ये पॅसिव्ह प्रीॲम्प असेल तर. तो सिग्नल वाढवत नाही, फक्त पॉटने (व्हॉल्यूमच्या बदलत्या रोधाने) कमी करतो. १०० किलोओहमचा पॉट मधोमध असताना २५ किलोओहम दाखवतो. त्याच्यापुढे ५०० पिकोफॅरडची लांब केबल आली की १३ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबल उतरतं. पॅसिव्ह ठेवायचाच असेल तर १० किलोओहमचा पॉट घ्या आणि पुढची केबल अर्ध्या मीटरात आवरा.

अर्थिंगवाला:
आता हमिंग. यात घाईने केबल विकत घेऊ नका, आधी निदान करा.

ॲम्पला फक्त स्पीकर जोडून ठेवा, इनपुट सगळे काढा. तरीही हम असेल तर दोष ॲम्पमध्येच आहे. नसेल तर एकेक यंत्र जोडत जा आणि प्रत्येक वेळी ऐका. हम व्हॉल्यूमबरोबर वाढतो का ते पाहा. वाढत असेल तर तो व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून येतोय. हम कसला आहे तेही ऐका. गुळगुळीत, खालचा ५० हर्ट्झचा (काही देशांत ६०) सूर असेल तर ग्राउंड लूप (यंत्रांच्या अर्थमधून फिरणारा करंटचा फेरा) किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. टोकदार, माशीसारखी भुणभुण असेल आणि धातूला हात लावल्यावर बदलत असेल तर कुठेतरी शील्ड तुटलेली आहे.

सबवूफर जोडल्यावरच येतो म्हणता तर लूप जवळपास पक्का. सबवूफर लांबच्या सॉकेटवर, ॲम्प दुसऱ्या सॉकेटवर, दोन्हींच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक, आणि तो फरक भरून काढायला करंट वाहतो आरसीएच्या शील्डमधून. ८ मीटर शील्डचा रोध समजा ०.२५ ओहम, करंट ३०० मायक्रोॲम्पिअर, म्हणजे ७५ मायक्रोव्होल्ट थेट सिग्नलमध्ये मिसळले. सबवूफरचा आतला ॲम्प ते वाढवतो.

पहिला उपाय फुकटातला: सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. केबल टीव्हीची कोॲक्स सिस्टिममध्ये कुठे शिरत असेल तर ती काढून पाहा, पुष्कळदा गुन्हेगार तीच निघते. लॅपटॉप चार्जरविना बॅटरीवर चालवून ऐका. हम गेला तर चार्जरमार्गे लूप होतोय. तिथे ऑप्टिकल केबल लावा किंवा यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देऊन विजेचा जोड तोडणारं यंत्र). फक्त १२ मेगाबिटचा आयसोलेटर असेल तर त्यातून २४ बिट ९६ किलोहर्ट्झ जातं, १९२ जात नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरा उपाय, शील्डचा रोध कमी करणे. सबवूफरसाठी दाट तांब्याच्या जाळीची आरजी-५९ कोॲक्स घ्या. टीव्हीची आरजी-६ बहुधा ॲल्युमिनियमच्या जाळीची असते, तिची शील्ड इथे कमी पडते.

तिसरा उपाय, सबवूफरला बॅलन्स्ड इनपुट (शील्ड, सिग्नल आणि त्याचा परतीचा रस्ता यांना वेगळ्या तीन पिना असलेला) असेल तर दोन कोरची शील्डेड केबल. ॲम्पच्या टोकाला लाल कोर आरसीएच्या पिनला, काळी कोर आणि शील्ड दोन्ही कडीला. सबवूफरच्या टोकाला लाल २ नंबरला, काळी ३ ला, शील्ड १ ला. आता लूपचा करंट शील्डमधून जातो आणि सिग्नलचा परतीचा रस्ता काळ्या कोरमधून वेगळा राहतो. याने न गेलेला हम बहुतेक वेळा यंत्राच्या आतल्या जोडणीचा असतो. १ नंबरची पिन चासीऐवजी (यंत्राच्या धातूच्या पेटीऐवजी) सर्किटच्या ग्राउंडला जोडल्याने काय होतं, ते नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं होतं.

चौथा, लाइन लेव्हलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. छोट्या कोअरचा घेऊ नका. ३०-४० हर्ट्झच्या खाली तो सॅच्युरेट होतो आणि सबवूफरचा मतलबच संपतो. २० हर्ट्झला किती व्होल्ट सोसतो हे वाचून घ्या.

आणि प्लगची अर्थ पिन काढणे हा उपाय नाही. हम जातो खरा, पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं तर चासी लाइव्ह होते आणि आरसीएच्या शील्डमधून तीच वीज सगळ्या यंत्रांवर पोचते. हे कोणी सुचवलं तर त्याचं ऐकू नका.

मंद्रसप्तक:
फार उपयुक्त. एक राहिलं. नेटवर्कच्या कॅट-५ केबल विणून स्पीकर केबल करतात, आणि बाय-वायरिंगही (एकाच ॲम्पवरून वूफर आणि ट्वीटरला वेगळ्या वायरी). यातलं काय करून पाहण्यासारखं आहे?

लग_आणि_प्लग:
विणून पाहायला हरकत नाही, पण परिणाम माहीत असू द्या. तीन कॅट-५ म्हणजे २४ तारा, प्रत्येक ध्रुवाला १२, एकूण जवळजवळ २.५ चौरस मिमी. रोध चांगला आला. कपॅसिटन्स मात्र वाढतो. जोडीला मीटरमागे ५० पिकोफॅरड, बारा जोड्या समांतर म्हणजे ६००, ५ मीटरला ३ नॅनोफॅरड, आणि शेजारच्या जोड्यांमुळे त्याहून बरंच जास्त. काही ॲम्पना हा भार सोसत नाही, ऐकण्याच्या पलीकडच्या फ्रिक्वेन्सीवर ते ऑसिलेट होतात (इनपुट नसताना स्वतःच सिग्नल काढू लागतात). खूण अशी की काही न वाजवताही हीटसिंक तापतो. साधा मल्टिमीटर हे पकडत नाही, ऑसिलोस्कोप लागतो. स्पीकरच्या टोकाला १० ओहम (२ वॅट किंवा जास्त, बिनइंडक्टिव्ह) आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सीरिजमध्ये जोडून तो संच टर्मिनलांवर आडवा लावला की बहुतेक ॲम्प शांत होतात.

बाय-वायरिंगने फारसं काही होत नाही, फक्त तांबं वाढतं. बाय-ॲम्पिंग (वूफर आणि ट्वीटरला वेगळे ॲम्प) मात्र सांभाळून. स्पीकरच्या मागची धातूची पट्टी काढल्याशिवाय दोन ॲम्प जोडले तर दोन्हींचे आउटपुट एकमेकांवर शॉर्ट होतात. पट्टी आधी काढा, मल्टिमीटरने वरच्या आणि खालच्या लाल टर्मिनलमध्ये जोड नाही हे बघा, मगच ॲम्पला हात लावा.

अर्थिंगवाला:
त्यात एक भर. बरेच क्लास-डी ॲम्प ब्रिज्ड असतात, त्यांच्या काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो, ग्राउंड नसतं. दोन्ही चॅनेलची काळी टोकं एकत्र जोडणं, किंवा ऑसिलोस्कोपचा ग्राउंड क्लिप तिथे लावणं म्हणजे आउटपुट शॉर्ट करणं. सबवूफरला स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेत असाल तर ॲम्पच्या मॅन्युअलमध्ये हे आधी तपासा.

कोमलगंधार:
सगळं जोडून झाल्यावर ध्रुव बरोबर आहेत हे कसं पाहायचं? पाच मीटरच्या वायरीत लाल-काळं उलटायला वेळ लागत नाही.

लग_आणि_प्लग:
ॲम्पच्या टोकाला वायर सोडवा, दीड व्होल्टचा सेल घ्या, अधिक टोक लाल वायरीला आणि उणे काळ्या वायरीला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्पीकरला सारखंच झालं पाहिजे. एक बाहेर आणि एक आत गेला तर त्या बाजूची वायर उलटी आहे. सेल धरून ठेवू नका, टेकवा आणि काढा. ट्वीटर थेट तपासू नका. मोनो ध्वनिमुद्रण लावूनही खात्री करता येते: आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध यायला हवा, आणि एका बाजूची टोकं मुद्दाम उलटली की बास पातळ होऊन आवाज दोन्हीकडे पसरायला हवा.